दर दोन तासांनी तीन एमएल

डोहाळजेवणाला तीन आठवडेही झाले नव्हते. मी बर्फीची वाटी उघडली म्हणून मावश्यांनी टाळ्या पिटल्या होत्या, त्याचे फोटो अजून सगळ्यांना पाठवायचे राहिले होते. ५ जानेवारी २०२३, गुरुवार. सकाळपासून डोकं ठणकत होतं, दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, पायातली जोडवी रुतून बसली. दवाखान्यात बीपी निघालं १७०/११०. लघवीत प्रथिनं. डॉक्टरांनी घरी जाऊच दिलं नाही. मला ३० आठवडे आणि ४ दिवस झाले होते. तारीख होती १२ मार्चची.

"बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतो. दर बारा तासांनी एक, अशी चार. तेवढा वेळ मिळाला तर फार बरं होईल," डॉक्टर म्हणाले. तेवढा वेळ मिळाला. रविवारी पहाटे सिझर झालं. मुलगी, १३८० ग्रॅम. ती रडली, पण मांजराच्या पिलासारखी. मला तिचं कपाळ तेवढं दिसलं आणि तिला घेऊन गेले.

अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हटलं की लोक काचेची पेटी, ऑक्सिजन आणि बिल यांबद्दल विचारतात. श्वासाचं आमचं दहा-बारा दिवसांत निभावलं. नाकातला सीपॅप, म्हणजे श्वासाला आधार देणारं हवेचं यंत्र, निघाला आणि श्वास घ्यायला विसरू नये म्हणून चालू असलेलं कॅफिनचं औषधही पुढे बंद झालं. आमचं खरं दुखणं दुधाचं होतं. ते पुढे दीड वर्ष पुरलं आणि त्याबद्दल आधी मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

तिसऱ्या दिवशी एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ओळखीच्या एक बाई भेटायला आल्या आणि माझ्या आईच्या कानाशी लागून म्हणाल्या, "सातव्यातलं जगतं हो, आठव्यातलं नाही जगत." मला ऐकू गेलं. टाके ओढत होते, तरी भिंतीला धरून आत गेले आणि सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "उलटं आहे ते. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळाला बरं. अठ्ठावीस आठवड्यांपेक्षा एकतीस बरे, एकतिसांपेक्षा चौतीस." ही समजूत आपल्याकडे अजून घरोघर आहे. ज्या घरात असं बाळ जन्मलंय तिथे कृपा करून ती बोलून दाखवू नका. माझ्या आईने त्यानंतर दोन दिवस अन्न घेतलं नाही.

सिझरनंतर सहा तासांनीच सिस्टर वाटी आणि बारीक सिरिंज घेऊन आल्या होत्या. बाळ पीत नाही तर दूध कशाला काढायचं, असं आईला वाटलं. सिस्टरांनी सांगितलं, चीक महत्त्वाचा, औषधापेक्षाही. त्यांनी हाताने दाबून दाखवलं. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर जे निघालं ते वाटीत मावण्याजोगंसुद्धा नव्हतं. पिवळे, चिकट थेंब सिरिंजच्या टोकाने टिपून घेतले. अर्धा एमएलही नाही. तेवढं घेऊन नवरा एनआयसीयूकडे पळत गेला. तिथे कापसाच्या काडीने ते तिच्या गालाच्या आतून फिरवलं. पोटात काही गेलंच नाही, तोंडाला तेवढं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं. दर दोन तासांनी तीन एमएल. चहाच्या चमच्यातही पाच मावतात. ओठांच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी थेट पोटात गेलेली. सिस्टर तिला सिरिंज जोडायच्या, दांडी काढलेली, आणि ती वर धरायच्या. दूध आपोआप, आपल्या वजनाने, हळूहळू खाली उतरायचं. ढकलायचं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तीन एमएल उतरायला लागलेला वेळ मला एखाद्या तासासारखा वाटला. बाळ झोपलेलं. आपल्या पोटात काही येतंय याची तिला खबर नव्हती.

"तिला ओढता येत नाही का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला पुढे फार उपयोगी पडलं. दूध पिणं म्हणजे तीन कामं एकदम, चोखायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा. या तिन्हींचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या आसपास बसायला लागतो. पोटातलं बाळ ते पाण्यात सराव करून शिकतं. आपल्या बाळाचा तो सराव अर्धवट राहिलाय. "ती आळशी नाही आणि हट्टीही नाही, तिला अजून येत नाही," हे त्यांचं वाक्य. ते मी त्या दिवशी ऐकलं, पण लक्षात घ्यायला मला तीन महिने लागले.

मग माझा दिनक्रम सुरू झाला. दर तीन तासांनी दूध काढायचं, रात्री दोनला आणि पाचलासुद्धा. पंपाचे भाग धुवायचे, उकळायचे, स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायचे. छोट्या बाटल्यांवर नाव, तारीख, वेळ. चौथ्या दिवशी एका वेळेला २० एमएल निघालं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. एक सिस्टर आधी मुंबईत काम करून आलेल्या. त्यांनी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या दूधपेढीचं सांगितलं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून दुसरीच्या बाळाला देतात. आमच्या हॉस्पिटलात ती सोय नव्हती. माझं दूध पुढे भरपूर यायला लागलं आणि फ्रीझरमध्ये साठलेल्या बाटल्या फेकाव्या लागल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं.

नवऱ्याने एक दोनशे पानी वही आणली. वेळ, किती एमएल, उलटी, शी, वजन असे रकाने आखले. ही वही पुढे आमच्या घरावर राज्य करणार होती.

१५ जानेवारीला संक्रांत. तोवर दूध १२ एमएलपर्यंत गेलं होतं. मी तिळगुळाची पुडी घेऊन गेले, सिस्टरांना द्यायला. आत गेले तर तिची नळी उघडी ठेवलेली, खाली लोंबणारी, तिच्यातून हिरवट पाणी येत होतं. पोट फुगलं होतं, कातडी ताणून चकाकत होती. दूध बंद. एक्स-रे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला एक गंभीर इजा होते, आतडं सडू लागतं, ती शंका होती. मला तो आजार तोवर माहीत नव्हता आणि त्या दिवशी कळला तेवढा पुरे झाला. दोन दिवस प्रतिजैविकं, सलाइन, दर काही तासांनी टेपने पोटाचा घेर मोजायचा. मी दर तीन तासांनी दूध काढत राहिले, कुणाला द्यायचं नसलेलं दूध. तिसऱ्या दिवशी पोट मऊ झालं. पुन्हा तीन एमएलपासून सुरुवात. वजन मात्र जन्माच्या वजनावर यायला तेराव्या दिवसाच्या पुढे गेलं.

बाराव्या दिवशी बारसं होतं खरं तर. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. सासूबाईंनी घरी देवापुढे दिवा लावला आणि फोनवर म्हणाल्या, "नाव नंतर ठेवू, आधी चिऊ म्हणू." तीच अजून चिऊ आहे.

त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा माझ्या छातीवर आली. कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आईच्या अंगाशी बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की जन्मल्यापासून लगेच हे करा. सासूबाईंनी जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा कापून, उकळून, इस्त्री करून पाठवला होता. त्यात तिला उभी, बेडकासारखे पाय दुमडून बांधली. दिवसाचे सहा-सात तास मी, संध्याकाळी नवरा. नळीतून दूध चालू असताना तिला छातीशी धरायचं, ओठांना दूध काढून रिकामं केलेलं स्तन लावायचं, म्हणजे तोंडातली हालचाल आणि पोट भरणं यांची तिच्या मनात सांगड बसते. एक दिवस तिने जीभ बाहेर काढून चाटलं. सिस्टरना ओरडून दाखवलं मी.

२९ जानेवारीला ३४ आठवडे भरले. सिस्टर केरळच्या, मराठी छान बोलायच्या. त्यांनी एक छोटंसं, एका बाजूला चोच असलेलं भांडं आणलं. "आज पालाडाईने देऊन बघू." आई काचेबाहेरून बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, ते तर बोंडलं!" आमच्या वाईच्या घरी चांदीचं बोंडलं आहे, माझ्या पणजीचं. चोचीच्या खाली थोडं चेपलेलं, कुणाच्या तरी हिरड्यांनी की पडून, कोण जाणे. आई दुसऱ्या दिवशी ते घेऊनच आली. उकळून, सिस्टरांना दाखवून, आम्ही तेच वापरलं. बाटली आणि बूच यांना आमच्या डॉक्टरांची सक्त मनाई होती.

पण बोंडलं म्हणजे ओतण्याचं भांडं, असा माझा समज. सिस्टरांनी तो मोडला. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठापर्यंत आणायचं आणि थांबायचं. तिने जिभेने घ्यायचं. गिळलं की पुढचं. पाच एमएलला वीस मिनिटं लागली. मधे एकदा मॉनिटर वाजला, ऑक्सिजनचा आकडा ८२ वर आला, ओठांभोवती निळसर झाक. सिस्टरांनी भांडं बाजूला केलं, तिला पुढे झुकवून पाठ चोळली. आकडा वर आला. उरलेलं दूध नळीने. "आज एवढंच. दमली ती," त्या म्हणाल्या. माझं सगळं लक्ष बोंडल्यात उरलेल्या दुधाकडे.

डोळ्यांची तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, वेळेत पाहिलं नाही तर नजर जाते. चिऊचे डोळे ठीक निघाले. कुणाच्या घरी असं बाळ असेल तर तिसावा दिवस विसरू नका.

१५ फेब्रुवारीला घरी आलो. ३८ दिवस. १८९० ग्रॅम. लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्वाचे थेंब आणि काढलेल्या दुधात मिसळायच्या पुडीची पाकिटं. नळी निघालेली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्यासाठी खरी परीक्षा त्या दिवशी सुरू झाली, कारण हॉस्पिटलात मॉनिटर होता आणि नळी होती. ती दमली तर उरलेलं दूध नळीने जायचं. घरी उरलेलं दूध माझ्याकडे बघत बसायचं.

घरी नियम एकच, वहीतला आकडा पुरा झाला पाहिजे. एका वेळेला पाऊण तास. मग तासाभराने पुन्हा. मधल्या वेळात दूध काढणं, भांडी उकळणं. मी जेवत कधी होते ते आठवत नाही. चिऊ दहा-बारा मिनिटं छान घ्यायची, मग मान फिरवायची, ओठ मिटायची, अंग धनुकलीसारखं मागे ताणायची. आम्ही गाल दाबून तोंड उघडायचो. तळपाय चोळायचो. सासूबाई ओला फडका कपाळाला लावायच्या. शेवटी एक युक्ती सापडली, ती झोपेत असताना जास्त घेते. मग आम्ही झोपेतच पाजायला लागलो. वहीतले आकडे सुधारले. मला वाटलं, जिंकलं.

४ मार्चची रात्र. पावणेतीन वाजले होते. ३६ एमएलपैकी २७ गेले होते, नऊ राहिले होते. ती झोपली होती. मी बोंडलं कलतं केलं. ती खोकली नाही, रडली नाही. हात सैल पडला, तेव्हा मी दिवा लावला. ओठ जांभळे होते. घरी सोडताना सिस्टरांनी शिकवलं होतं ते माझ्या हातांनी आपोआप केलं, तिला पालथी बाहूवर घेतली, डोकं खाली, खांद्यांच्या मधे पाच थापा. नाकातोंडातून दूध आलं. मग आवाज आला. नवऱ्याने शेजारच्यांची गाडी काढली आणि दहा मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो. दोन दिवस ठेवून घेतलं. फुप्फुसात थोडं गेलं होतं, औषधाने निभावलं.

त्या नऊ एमएलबद्दल मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. एखादी आई आज रात्री अंधारात झोपलेल्या बाळाच्या तोंडात शेवटचे नऊ एमएल ओतत असेल. तिने थांबावं म्हणून सांगते आहे.

त्यानंतर उलटंच घडलं. चिऊ बोंडलं दिसलं की रडायला लागली. भांडं ओठाला लागायच्या आधीच ओकारी. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं होतं, ती १०-१२ वर आली. छातीशी घेतलं तरी पान्हा फुटला की ठसका लागायचा आणि ती मला ढकलायची. इवलेसे हात, पण ढकलायची. सासूबाई म्हणाल्या, पोटात दुखत असेल, घुटी देऊ. सहाण धुऊन, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ सगळं काढून बसल्या. त्यांनी आपली तिन्ही मुलं त्यावर वाढवलेली. मी नाही म्हटलं आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की आईच्या दुधाशिवाय आणि लिहून दिलेल्या औषधांशिवाय तिच्या आतड्याला काहीच देऊ नका. संक्रांतीला काय झालं होतं ते आठवा. त्यांनी घरी येऊन सहाण उचलून ठेवली. मला काही म्हणाल्या नाहीत, पण दुपारी माझ्यासाठी हळिवाची खीर करून आणली.

डॉक्टरांनीच आम्हाला पुण्याला एका थेरपिस्टकडे पाठवलं. बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या थेरपिस्ट खाण्या-गिळण्यावरही काम करतात, हे आम्हाला नवीनच. एप्रिलचा पहिला आठवडा, उन्हात सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, खंबाटकी घाटात तिला एकदा पाजलं. खरं तर असं केंद्र सरकारी रुग्णालयातही असतं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत आणि जोखमीच्या बाळांची तिथे मोफत तपासणी होते. आमच्या आशाताईंनी ते सांगितलं तोवर आमच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. तुम्ही आधी तिथे विचारा.

थेरपिस्टबाईंनी पहिल्यांदा काहीच सांगितलं नाही. "रोज पाजता तसं पाजा," म्हणाल्या आणि स्टूल घेऊन बाजूला बसल्या. मी पाजायला लागले. पाचव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "तिच्या बोटांकडे बघा."

चिऊची बोटं ताठ पसरली होती, पंजा उघडा. मी इतके दिवस फक्त तोंडाकडे बघत होते.

"आता भुवया वर गेल्या. आता नाकपुड्या बघा. आता मान वळवेल." तिने मान वळवली. "तिला भूक आहे. दम घ्यायचाय फक्त. तुम्ही दम घेऊ देत नाही म्हणून तिला भांड्याची भीती बसली."

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलली. चिऊला पाठीवर झोपवून नाही, कुशीवर, डोकं वर, कान आकाशाकडे असं धरायचं. म्हणजे जास्तीचं दूध गालातून बाहेर येतं, घशात कोसळत नाही. तीन-चार घोट झाले की भांडं आपणच बाजूला करायचं, तिने सांगायची वाट बघायची नाही. छातीशी घेण्याआधी थोडं दूध काढून टाकायचं, पहिल्या पान्ह्याचा जोर ओसरू द्यायचा. एका वेळेला पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यापुढे पाजलं तर जेवढं पोटात जातं त्याहून जास्त ती दमण्यात घालवते. झोपेत कधीही नाही. आणि दिवसातून चार-पाच वेळा, दुधाची वेळ नसताना, तिच्या तोंडाशी नुसतं खेळायचं. स्वच्छ बोटाने गाल, ओठ, हिरड्या. तिचाच हात तिच्या तोंडात. गाणी म्हणत. तोंडाशी काही आलं म्हणजे त्रासच, असं तिला वाटायला नको. दूध पिताना आवाज ओला, घोगरा झाला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

शेवटी त्यांनी वही मागितली. पानं चाळली. म्हणाल्या, "दिवसाची बेरीज ठेवा. एकेका वेळेची नको." आठवड्यातून दोनदा वजन, रोज नाही.

पहिले चार दिवस बेरीज कमी आली. एका दिवशी ५२ एमएलने कमी. मी रडले, नवऱ्याने वही कपाटावर ठेवली. सातव्या दिवशी आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या. १९० ग्रॅम वाढ, आठवड्याची. त्यांनी झोळीतून चिऊला काढून पुन्हा एकदा वजन केलं, खात्री करायला. तेच आलं.

मे महिन्याच्या अखेरीला ती पूर्ण अंगावर प्यायला लागली. बोंडलं फडक्यात गुंडाळून आईने वाईला परत नेलं.

नोकरीचं थोडक्यात सांगते. बाळंतपणाची रजा २६ आठवडे. माझी मोजली गेली ५ जानेवारीपासून, म्हणजे त्यातले पहिले साडेपाच आठवडे मी एनआयसीयूच्या बाकावर काढले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रजा संपली, तेव्हा तारखेच्या हिशेबाने चिऊ चार महिन्यांचीही नव्हती. मी रजा वाढवून मागितली तर कार्यालयातून उत्तर आलं की बाळ सहा महिन्यांचं झालंय. तेव्हाच्या प्रसूती लाभ कायद्याच्या १० व्या कलमात होतं की बाळंतपणामुळे किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मल्यामुळे आईला दुखणं जडलं, तर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. माझ्या बीपीच्या गोळ्या चालूच होत्या. एका ओळखीच्या वकिलांनी ते कलम दाखवलं, मी डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला, महिना मिळाला. पुढचे दोन महिने बिनपगारी. बाळाच्या दुखण्यासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र रजा नाही. ती असायला हवी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

दोन वयांचा हा घोळ दोन वर्षं चालतो. लस जन्मतारखेने, बाकी सगळं मूळ तारखेने. लोकांना ते पटत नाही. "सहा महिने झाले, अजून उष्टावण नाही?" "आठ महिन्यांची आणि बसत नाही?" मी सुरुवातीला प्रत्येकाला हिशेब समजावायचे. नंतर १२ मार्च हीच तारीख सांगायला लागले.

उष्टावण केलं गौरी-गणपतीत. मूळ तारखेने सहा महिने पुरे झाले होते, मान धरत होती, आधाराने बसत होती, जिभेने सगळं बाहेर ढकलायची सवय कमी झाली होती. माझा भाऊ चांदीच्या वाटीत खीर घेऊन पाटावर बसला. सगळे गोळा झालेले, मोबाईल वर केलेले. त्याने चमचा पुढे केला आणि चिऊने बोटं पसरली. मान वळवली. मागून कुणीतरी म्हणालं, "गाल धर जरा." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी नुसतं नाही म्हणून मान हलवली. त्याने चमचा वाटीत ठेवला आणि वाटी तिच्यापुढे पाटावर सरकवली. बराच वेळ काही झालं नाही. फोटो काढणारे कंटाळले, आरतीची तयारी सुरू झाली. मग तिने पंजा खिरीत घातला, वर काढून बघितला, आणि मनगटापाशी चाटलं. एकही फोटो नाही त्याचा.

पुढचं वर्षही सोपं गेलं नाही. मऊ भात-वरण चालायचं, पण त्यात एक डाळीचा दाणा अख्खा राहिला की ओकारी. नाचणीचं सत्त्व आठ दिवस आवडायचं, नवव्या दिवशी नको. चमचा टाळूला घासायचा नाही, जिभेवर ठेवून तिच्या ओठांनी ओढू द्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवावं लागलं. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणत मूल कडेवर घेऊन अंगणात फिरून भरवणं आपल्याकडे प्रेमाचंच समजतात. आमच्याकडे ते बंद केलं. ती खाली बसते, आम्हीही बसतो, तिच्यापुढे तिची ताटली. यावर सासूबाईंची नाराजी बरेच महिने टिकली.

आता ती अडीच वर्षांची आहे. वजन ११ किलो. भाकरीचा पापुद्रा आवडतो, दुधात कुस्करलेली भाकरी नाही. डाळिंबाचे दाणे अजून थुंकते. पाणी घाईने प्यायली तर ठसका लागतो, म्हणून छोट्या पेल्यात थोडं थोडं देतो. पुढची तपासणी दिवाळीनंतर.

परवा दुपारी मी कामावरून लवकर आले. चिऊ ओट्याजवळ बसून जेवत होती, सासूबाई समोर. ताटलीत वरणभाताचे तीन-चार घास राहिले होते, वर तूप. चिऊने ताटली पुढे सरकवली. "पुले."

सासूबाईंनी एकदा भाताकडे पाहिलं. मग ताटली उचलून मोरीत ठेवली आणि तिचे हात पुसायला फडका शोधू लागल्या.